शेजारच्या घरी पहिला डबा: सुरुवात करणाऱ्यांसाठी

शेजारी कोण राहतं ते माहीत असतं, जिन्यात समोरासमोर आलं की हसणंही होतं, पण त्यापुढे ओळख सरकत नाही. कधीतरी घरचं काहीतरी करून द्यावं असं मनात येतं. मग शंका सुरू होतात. त्यांना आवडेल का? आगाऊपणा वाटला तर? परत काहीतरी द्यावं लागेल म्हणून ते अवघडतील का? या विचारांत स्वयंपाक होतो, जेवणं उरकतात, आणि शेजारचं दार वाजवायचं राहून जातं.

हा लेख अशा सगळ्यांसाठी आहे. तुम्ही नव्या घरात नुकतेच आला असाल, किंवा वर्षानुवर्षं त्याच घरात राहूनही हे कधी केलं नसेल, तरी चालेल. हाताला फार चव असायला हवी अशीही अट नाही. रोजचा साधा स्वयंपाक जमतो, एवढं पुरे.

हे करण्याला अर्थ आहे का, असं वाटत असेल तर दोन गोष्टी सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2025 सालच्या अहवालानुसार जगात दर 6 माणसांमागे 1 जण एकटेपणा अनुभवतो. म्हणजे तुमच्या आजूबाजूच्या दारांपैकी एखाद्या दाराआड असं माणूस असण्याची शक्यता बरीच आहे. त्याच वर्षीच्या जागतिक आनंद अहवालात एक अख्खं प्रकरण इतरांच्या सोबतीने जेवण्यावर होतं. जी माणसं आठवड्यातली जास्त जेवणं कुणाच्या तरी सोबत घेतात, ती आयुष्याबद्दल जास्त समाधानी असल्याचं सांगतात, असं त्यात दिसलं. डबा पोचवणं म्हणजे एका पंगतीत बसणं नव्हे, पण अनोळखी दारापासून एकत्र जेवणापर्यंत जायचं तर त्याहून सोपी वाट मला माहीत नाही.

पुढच्या सगळ्या पायऱ्यांत मी एकच कसोटी लावली आहे: घेणाऱ्यावर भार पडता कामा नये. काय करायचं, किती द्यायचं, कशातून द्यायचं, दारात किती वेळ थांबायचं, सगळं त्यावरूनच ठरवा.

पायरी 1: एकच घर निवडा

उत्साहाच्या भरात सगळ्या मजल्याला वाटायला निघू नका. पहिल्या खेपेला एकच घर. शक्यतो सगळ्यात जवळचं, जिथली माणसं तुम्हाला येता-जाता दिसतात. अंतर कमी असलं की अन्न गरम पोचतं आणि पुढे हे चालू ठेवणंही जमतं.

आपलं लक्ष साहजिकच अडचणीतल्या घराकडे जातं: नुकतं बाळ झालेलं घर, शस्त्रक्रिया होऊन घरी आलेलं माणूस, एकटे राहणारे वृद्ध, परीक्षेच्या तयारीत बुडालेली मुलं. तिथे डब्याचा उपयोग खरोखर होतो. पण फक्त अडलेल्यांनाच देत राहिलात तर देण्याला दयेचा वास येऊ लागतो, आणि स्वाभिमानी माणसाला तो लगेच जाणवतो. म्हणून ज्यांना काहीही कमी नाही अशा घरीही द्या. वाटी सगळीकडे जाते हे एकदा रूढ झालं की ज्याला खरी गरज आहे त्यालाही ती घेताना संकोच वाटत नाही.

पायरी 2: आधी विचारा

अचानक काहीतरी नेऊन खूश करण्याचा मोह पहिल्या वेळी टाळा. आदल्या दिवशी किंवा सकाळी, जिन्यात, दारात, जिथे भेट होईल तिथे साधं विचारा: "उद्या मी जरा जास्त भाजी करणार आहे. तुमच्याकडे वाटीभर आणू का? काही चालत नसेल तर आत्ताच सांगा, म्हणजे मी ते घालणार नाही."

या दोन-तीन वाक्यांत पुष्कळ काम होतं. समोरच्याला नाही म्हणायची सोय राहते. पथ्य सांगायला निमित्त मिळतं. आणि "जास्त करणार आहे" म्हटल्याने त्यांच्यासाठी मुद्दाम घाट घातला जातोय असं वाटत नाही.

"काही चालत नाही का?" एवढं विचारलं की बहुतेक जण "नाही हो, सगळं चालतं" म्हणून मोकळे होतात. भीड पडते. म्हणून नावं घेऊन विचारा. शेंगदाणे, काजू-बदाम-अक्रोड, दूध, अंडी, गहू, मासे, कोळंबी-खेकडे, सोयाबीन आणि तीळ या गोष्टींची ॲलर्जी सगळ्यात जास्त आढळते. युरोपीय संघाच्या नियमांनुसार विकायच्या अन्नात अशा 14 गोष्टींची माहिती देणं बंधनकारक आहे, आणि त्यात मोहरीसुद्धा आहे, हे पुष्कळांच्या गावीही नसतं. ॲलर्जीचा पदार्थ शिजवल्याने निर्धोक होत नाही. शेंगदाण्याच्या पदार्थातला डाव तसाच दुसऱ्या पातेल्यात घातला, तरी तीव्र ॲलर्जी असलेल्या माणसाचा श्वास कोंडू शकतो. सीलिॲक आजार असलेल्यांना गव्हाचा कणही चालत नाही. ज्या तेलात पिठाचं काही तळलंय त्या तेलात तळलेलंही नाही. अशी गंभीर ॲलर्जी आहे असं कळलं, आणि आपल्या स्वयंपाकघरात ती गोष्ट रोज वापरात असेल, तर त्या घरी शिजवलेलं अन्न देऊ नका. अख्खी फळं द्या, तीही त्यांना चालणारी. प्रेम तितकंच पोचतं आणि धोका टळतो.

औषधांबद्दल खोदून विचारणं बरं दिसत नाही, पण "डॉक्टरांनी काही बंद केलंय का?" हा प्रश्न कुणालाही विचारता येतो. रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफॅरिनवर असलेल्यांना हिरव्या पालेभाज्यांचं प्रमाण एकदम वाढवून चालत नाही. मूत्रपिंडाच्या रुग्णांना मीठ आणि पोटॅशियम मोजावं लागतं. कोलेस्टेरॉल आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांसोबत ग्रेपफ्रूट वर्ज्य असतं. हे सगळं तुम्ही पाठ करावं असं नाही. त्यांनी "ते नको" म्हटलं तर कारण न विचारता ते वगळा, एवढंच.

श्रद्धेमुळे किंवा तत्त्व म्हणून कुणी मांस, अंडी, दारू किंवा जिलेटिन टाळत असेल, तर तिथेही हाच नियम. "थोडंसंच आहे", "कळणारही नाही" असली वाक्यं तोंडातून येऊ देऊ नका. आणि घातलेला पदार्थ लपवायचा तर कधीच नाही. एकदा विश्वास गेला की त्या घरात तुमची वाटी पुन्हा उघडली जाणार नाही.

नकार आला तर? "बरं, काही हरकत नाही" म्हणा आणि दुसऱ्या विषयावर बोला. काही माणसांना बाहेरचं अन्न खाववत नाही, काहींना तब्येतीबद्दल बोलायचं नसतं, काहींना नवी ओळख नकोशी असते. तो नकार तुमच्या हाताच्या चवीला नसतो.

पायरी 3: काय करायचं आणि किती

जे आज तुमच्या घरी होणार आहे तेच करा, फक्त एक-दोन माणसांपुरतं वाढवून. शेजाऱ्यांसाठी म्हणून अर्धा दिवस खपून केलेला पदार्थ दोघांनाही जड जातो. तुम्ही दमता, आणि समोरच्याला तेवढ्याच तोलाचं काहीतरी परत करायला हवं असं वाटू लागतं. रोजच्या जेवणातली वाटीभर आमटी कुणाला ऋणात टाकत नाही.

प्रमाणाबद्दल माझं मत ठाम आहे: कमी द्या. एका वेळी संपेल इतकंच. त्यांच्या घरीही स्वयंपाक झालेला असतो, फ्रीजमध्ये कालचं असतं. पातेलंभर अन्न आलं तर ते संपवायचं कसं ही नवी चिंता त्यांच्या गळ्यात पडते. टाकून द्यावं लागलं तर वाईट वाटतं ते वेगळंच. एवढंसं कसं द्यायचं, असं वाटून हात सैल सोडू नका. थोडं आणि पुन्हा कधीतरी, हेच बरं.

पहिल्या वेळी काय चालतं? डाळ, मिरचीचा मारा नसलेली भाजी, सूप, पाव, भाजलेले कोरडे पदार्थ. तिखट आणि मीठ जरा हात राखून घाला. वरून घालता येतं, काढता येत नाही. कच्चं अंडं असलेलं, न उकळलेल्या दुधाचं, अर्धकच्चं मांस-मासे असलेलं काही नको. गरोदर बाई, लहान मूल आणि म्हातारं माणूस यांना त्यातून होणारा त्रास गंभीर असू शकतो. गोड पदार्थ विचारल्याशिवाय नेऊ नयेत असं मला मनापासून वाटतं. मधुमेह असलेल्या माणसासमोर आपण आनंदाने पेच ठेवतो आणि ते भिडेपोटी खातात.

घरात कोण आहे त्याप्रमाणे थोडा फरक करा. एक वर्षाखालच्या बाळाला मधाचा थेंबही चालत नाही, कारण त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बाळाला बोटुलिझम, म्हणजे स्नायू लुळे पाडणारी गंभीर विषबाधा, होऊ शकते. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे दाणे, अख्खी द्राक्षं घशात अडकण्याचा धोका असतो. दात नसलेल्या किंवा गिळायला त्रास होणाऱ्या माणसाला मऊ, एकजीव अन्न लागतं.

बाळंतिणीच्या घरचं एक सांगते. तिथे जेवण बहुधा एका हाताने चालतं. बाळ खांद्यावर असतं, डाव्या हाताने त्याची पाठ थोपटणं चालू असतं आणि उजव्या हाताला जे सापडेल ते तोंडात जातं. अशा वेळी पातळ, सांडणारं, दोन्ही हातांनी मोडून खावं लागणारं काही उपयोगाचं नाही. गुंडाळी करून दोन तुकडे केलेलं, चमच्याने उचलता येणारं घट्टसर, थंड झालं तरी खाववेल असं काही न्या. कापलेली फळं नेलीत तर ती त्याच दिवशी संपतील इतकीच न्या. आई बाळाला पाजत असताना शेजारी पाण्याचा तांब्या भरलेला आहे ना, हे बघणंही तितक्याच मोलाचं.

पायरी 4: अन्न निर्धोक ठेवा

आपल्या घरी आपण जी सूट घेतो ती दुसऱ्याला द्यायच्या अन्नात घ्यायची नाही. रात्रभर ओट्यावर राहिलेली भाजी सकाळी गरम करून खाल्ली आणि काही झालं नाही, हा आपला अनुभव झाला. शेजारच्या घरातल्या आजोबांच्या पोटावर तो आजमावू नका.

हात साबणाने धुवा, वीस सेकंद तरी. उलटी-जुलाब झाले असतील तर बरं वाटल्यावरही पुढचे 48 तास दुसऱ्यांसाठी स्वयंपाक करायचा नाही. नोरोव्हायरससारखे विषाणू त्या काळातही हातांवाटे पसरतात आणि सॅनिटायझरला ते फारसे दाद देत नाहीत, साबण-पाणीच लागतं. हाताला पिकलेली जखम असेल तर तो दिवस सोडून द्या.

तापमानाचं गणित सोपं आहे. 5 ते 60 अंश सेल्सियस या पट्ट्यात जिवाणू झपाट्याने वाढतात. म्हणून अन्न एकतर वाफाळतं असावं, नाहीतर फ्रीजमध्ये असावं. मधल्या कोमट अवस्थेत दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि उन्हाळ्यात पारा 32 च्या वर असेल तर तासाभरापेक्षा जास्त नाही. हे दोन तास तुमच्या ओट्यापासून मोजायचे, शेजारच्या दारापासून नव्हे. तुम्ही नेण्याआधी दीड तास ते तसंच पडलं असेल, तर त्यांच्या हातात उरला अर्धा तास.

सगळ्यात सोपं म्हणजे गॅस बंद केल्या केल्या वाढायचं आणि लगेच द्यायचं. ते जमत नसेल तर लवकर गार करा. खोल पातेल्यात भाजी तासन्‌तास मधोमध गरम राहते. उथळ डब्यांत तीन-चार बोटं उंचीचा थर करून पसरवली की पटकन निवते, मग झाकण लावून फ्रीजमध्ये. परत तापवताना मधोमधही वाफ यायला हवी, निदान 70 अंश. मायक्रोवेव्हमध्ये कडा उकळतात आणि मध्यभाग गार राहतो, म्हणून मध्ये एकदा ढवळा.

भाताबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण भात निरुपद्रवी वाटतो. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात आणि ते शिजवण्यातूनही वाचतात. शिजलेला भात बाहेर राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. त्यातलं उलट्या करवणारं विष पुन्हा गरम केल्याने नाहीसं होत नाही. म्हणून भात ताजा द्या. उरलेला द्यायचाच असेल तर तो तासाभरात फ्रीजमध्ये गेलेला असावा आणि 24 तासांच्या आत संपावा.

राजम्याचंही तसंच. अर्धकच्च्या राजम्यातल्या लेक्टिन नावाच्या विषारी प्रथिनामुळे काही तासांतच जोरदार उलट्या होऊ शकतात. किमान पाच तास भिजवायचा, ते पाणी टाकायचं, नव्या पाण्यात अर्धा तास खळखळून उकळायचा आणि मग पुढची कृती. मंद आचेवर तासन्‌तास ठेवणाऱ्या भांड्यात कच्चा राजमा थेट टाकू नका, तिथे लेक्टिन मोडण्याइतकी उष्णता मिळेलच असं नाही.

घरी केलेलं तेलातलं लसूण, घरी बाटलीबंद केलेल्या भाज्या, हे नवशिक्याने दुसऱ्यांना देऊच नये. त्यातला बोटुलिझमचा धोका दिसत नाही, वासालाही कळत नाही.

पायरी 5: डबा आणि चिठ्ठी

आवडतं भांडं देऊ नका. जे परत आलं नाही तरी मनाला लागणार नाही, असंच द्या: जॅमची स्वच्छ धुतलेली बाटली, बाजारातून आलेला टिकाऊ डबा, जादाची वाटी. डब्याची आठवण करून द्यावी लागली की सगळ्या आनंदावर पाणी पडतं. त्यांनाही तोच ताण असतो, घासून-पुसून कधी नेऊन द्यायचा हा. म्हणून देतानाच सांगून टाका, "डबा परत नको, आमच्याकडे पुष्कळ आहेत." अगदी उकळतं काही पातळ प्लॅस्टिकमध्ये ओतू नका.

आमच्या वरच्या मजल्यावर एक आजी एकट्या राहतात. संधिवाताने त्यांची बोटं वाकली आहेत, चार क्लिपांचा घट्ट डबा त्यांना उघडता येत नाही. त्यांच्यासाठी मी रुंद बुडाची वाटी नेते, वर ताटली झाकून, आणि ती तशीच आत टेबलावर ठेवते. त्या आधी ताटली बोटभर उचलून वाफ नाकाशी घेतात, काय आहे ते ओळखतात, आणि मगच माझ्याशी बोलतात. कुणाला काय उघडता येतं, काय उचलता येतं, हे एकदा नीट बघितलं की भांडं आपोआप ठरतं.

डब्यावर चिठ्ठी चिकटवा. पदार्थाचं नाव, त्यात काय काय आहे (तेल-तुपासकट), कधी केलं, कसं ठेवायचं, कधीपर्यंत खायचं. उदाहरणार्थ: "मसूर डाळ. कांदा, लसूण, टोमॅटो, शेंगदाणा तेल, मोहरी. आज दुपारी 12 ला केली. फ्रीजमध्ये ठेवली तर उद्या रात्रीपर्यंत. उकळून खा." एवढं पुरतं. हे तोंडी सांगून भागत नाही, कारण दार उघडणारा एक असतो, खाणारा दुसरा, आणि ॲलर्जी असते तिसऱ्याला. चिठ्ठीच्या शेवटी तुमचं नाव आणि घर क्रमांकही लिहा. नवीन ओळखीत नाव विसरायला होतं आणि पुन्हा विचारायची लाज वाटते.

पायरी 6: दारात

जेवणाच्या वेळेच्या अर्धा-पाऊण तास आधी जा. पानं वाढून झाल्यावर गेलेली वाटी उद्यावर ढकलली जाते. त्यांची जेवायची वेळ तुमच्याहून वेगळी असू शकते, रात्रपाळी करणाऱ्या घरी तर हमखास. तेही आधीच विचारून घ्या.

बेल एकदाच वाजवा. दार उघडलं की डबा पुढे करा, काय आहे ते एका वाक्यात सांगा आणि निघायच्या बेतातच उभे राहा. "या ना आत" असं आलं तरी पहिल्या वेळी "आज नको, परत कधी निवांत येईन" म्हणणं बरं. घर आवरलेलं नसेल, कुणी आजारी असेल, नाहीतर त्यांना फक्त शांतपणे जेवायचं असेल. दार अर्धवटच उघडलं म्हणून वाईट वाटून घेऊ नका. एकट्याने राहणाऱ्या माणसांना सावध राहावंच लागतं.

कुणी घरात नसेल तर दारात अन्न ठेवून येऊ नका. ते किती वेळ पडून राहील, मुंग्या-मांजरं येतील की काय, काहीच आपल्या हातात राहत नाही. परत घेऊन जा आणि तुम्हीच जेवा.

पायरी 7: नंतर

दुसऱ्या दिवशी "कसं झालं होतं?" असं विचारायचा मोह होतोच. आवरा. त्यांना आवडलं नसेल तर खोटं बोलावं लागतं, खाल्लंच नसेल तर दुप्पट खोटं. आवडलं असेल तर ते आपणहून सांगतील. दिलेलं अन्न त्यांचं झालं. त्यांनी ते खाल्लं, फ्रीजमध्ये ठेवलं, कामवाल्या ताईंना दिलं, की टाकलं, हा हिशेब मनातसुद्धा ठेवू नये.

फोटो काढून लोकांना दाखवणं तर नकोच. घेणाऱ्या घराची गरज चारचौघांत उघडी पडते आणि पुढच्या वेळी ते दार उघडणार नाही.

पुढचा डबा कधी? घाई नको. दोन-चार आठवडे जाऊ द्यात. त्या मधल्या काळात भेटलात तर डब्याचा विषय न काढता नेहमीसारखं बोला. दुसऱ्यांदा विचारल्यावर आवाजात "हो, आणा की" असा मोकळेपणा आला तर ठीक चाललंय. "अहो, कशाला उगाच" हे एकदा आलं तर ती भीड असते. दोन-तीनदा आलं तर तो सभ्य नकार समजावा.

मोठ्या दुःखात किंवा आजारपणात

शेजारी कुणी गेलं, मोठं ऑपरेशन झालं, तर पहिले चार दिवस सगळीकडून अन्न येतं आणि वाया जातं. खरी गरज लागते ती दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, पाहुणे पांगल्यावर. अशा वेळी आजूबाजूच्या दोन-तीन घरांनी मिळून वार वाटून घ्यावेत. त्या घरातल्या एकाच माणसाशी एकानेच बोलावं, म्हणजे दिवसातून पाच फोन घ्यावे लागत नाहीत. सगळ्यांकडून एकाच प्रकारचं येणार नाही याकडेही त्या एकाने लक्ष द्यावं. भांडी परत न करण्याजोगी असावीत. "काही लागलं तर सांगा" हे वाक्य दुःखातल्या माणसाच्या कामाचं नाही. काय लागेल ते ठरवण्याइतकं त्याचं डोकं चालत नसतं. "मंगळवारी संध्याकाळी सातला दोघांचं जेवण आणते, मऊ भात आणि डाळ, चालेल ना?" असं विचारलं की "हो" एवढंच म्हणायचं उरतं.

घ्यायलाही शिका

हा भाग नव्यांना सगळ्यात अवघड जातो. द्यायला आपण पुढे असतो, पण कुणी काही आणलं की "कशाला त्रास घेतलात" म्हणत दोन पावलं मागे सरकतो. असं केलं की समोरच्याला फक्त घेणाऱ्याची बाजू उरते आणि शेजारपण एकांगी होतं.

त्यांच्याकडून वाटी आली की दोन्ही हातांनी घ्या आणि आनंद दाखवा. तुम्हाला काही चालत नसेल तर तेही मोकळेपणाने सांगा: "मला शेंगदाणे चालत नाहीत, पण घरातले बाकीचे आवडीने खातील." रिकामं भांडं परत करायला संकोच वाटतो, म्हणून त्यात लगेच काही भरून देण्याची धडपड करू नका. त्याच दिवशी परतफेड केली की व्यवहार मिटवल्यासारखं होतं. भांडं घासून कोरडं करून द्या, आणि पंधरा दिवसांनी, तुमच्याकडे काही केलेलं असेल तेव्हा, वाटी पाठवा.

ज्यांना परत देण्याची ऐपत नाही किंवा अंगात ताकद नाही, त्यांच्याकडून दुसरं काही मागा. पाककृती विचारा, भाजी चांगली कशी ओळखायची ते विचारा, तुम्ही गावाला जाल तेव्हा कुंड्यांना पाणी घालायला सांगा. वरच्या आजींकडे मी मेथी निवडायला नेऊन देते. बोटं दुखत नसतील त्या दिवशी त्या अर्धी जुडी निवडतात, आणि मग वाटी घेताना "कशाला" म्हणत नाहीत.

आणि डबा न्यायचं अजूनही धाडस होत नसेल, तर उलटीकडून सुरू करा. आधी तुम्ही मागा. स्वयंपाक करताना एखादा कांदा कमी पडला, मीठ संपलं, तर दुकानात जाण्याआधी शेजारची बेल वाजवा.